हिवाळ्यात कूलर राखणारा

अश्वजित रामटेके जन्मानं नागपूरचा आणि संस्कारानं कूलरवाला. इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरात देवपूजा नव्हती, बौद्धाचं घर ते; पण एप्रिल ते जून रोज पहाटे ज्याला आंघोळ घातल्याशिवाय घराचं पान हलत नसे, असा एक पत्र्याचा कूलर खिडकीत बसलेला होताच. नळाला पाणी आलं की आधी कूलर, मग माणसं. खसच्या ताट्यांवर तांब्यानं पाणी मारायचं, टाकी काठोकाठ भरायची, मोटर धडधडली की आनंद मानायचा आणि नाही धडधडली तर तिच्या डाव्या कुशीत लाथ घालायची. या शास्त्रात अश्वजित चौथीतच पारंगत झाला होता. आई, कमलाबाई, हिचा एकच नियम होता: कूलर कोरडा ठेवायचा नाही. घरात प्यायला पाणी नसलं तरी शेजारून मागता येतं, पण कोरड्या कूलरची मोटर जळाली तर अख्ख्या घरानं मे महिना कुठं काढायचा?

पुढं हा मुलगा इंजिनियर झाला, डार्मश्टाटला शिकायला आला, तिथंच राहिला, आणि केस विरळ होईपर्यंत नोकरी करत राहिला. पण नशिबाची गंमत अशी, की इतकं शिकून, इतकी बर्फाळ भाषा घोटून, सात समुद्र ओलांडून त्याच्या हाती शेवटी पुन्हा कूलरच आला. फक्त हा तीन मजली होता.

डार्मश्टाटच्या उत्तरेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, औद्योगिक गोंद बनवणारा एक कारखाना आहे. खुर्चीच्या पायापासून गाडीच्या काचेपर्यंत जे जे चिकटलेलं असतं ते चिकटवणारा. तिथं पाणी, वाफ आणि थंडावा ही तीन खाती अश्वजितकडं. गोंदाच्या हंड्या तापतात, त्यांच्याभोवती फिरणारं पाणी तापतं, ते तापलेलं पाणी अंगणातल्या कूलिंग टॉवरवर चढवायचं, आतल्या प्लास्टिकच्या, मधमाश्यांच्या असतात तशा पोळ्यांवरून शॉवरसारखं सोडायचं, वरून पंख्यानं हवा ओढायची. थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होऊन खालच्या टाकीत पडतं. खसची ताटी, बादली आणि मोटर. दुसरं काही नाही. एवढ्यासाठी जर्मन माणसानं सहा जाडजूड मार्गदर्शिका लिहिल्या आहेत, कारण जर्मन माणूस लाथ घालत नाही.

फरक एवढाच, की नागपुरात कूलरनं गार करावं म्हणून अख्खं घर त्याच्या विनवण्या करायचं, आणि इथं अश्वजित रामटेके निम्मा हिवाळा टॉवरच्या विनवण्या करत असे, की बाबा रे, आता पुरे कर. टॉवर पडला उत्साही. बाहेर उणे आठ असलं तरी त्याचं आपलं गार करणं चालूच. आणि गार करता करता तो स्वतःच गोठतो. हवा आत येते त्या झडपांवर बर्फ धरतं, झडपा बुजतात, पोळी बर्फाच्या वजनानं कोसळतात, पाइप फुटतात. म्हणून त्याला राखावं लागतं. पंखा हळू करायचा, मग बंद करायचा. उघड्या पाइपांना विजेच्या गरम तारा गुंडाळायच्या. टाकीत हीटर सोडायचा. आणि फारच बर्फ धरलं तर पंखा थोडा वेळ उलटा फिरवायचा, म्हणजे आतली उबदार हवा झडपांतून बाहेर पडते आणि बर्फ सुटतं. या प्रकाराला त्याचा सहकारी ऊवं ‘टॉवरला शिंक काढणं’ म्हणत असे. ऊवं हा दाढीवाला, पोटवाला, हसऱ्या डोळ्यांचा वेल्डर. जगातल्या सगळ्या यंत्रांना सर्दी होते असं त्याचं मत होतं.

पण सगळ्यांत महत्त्वाचा नियम पाण्याचा. नवीन शिकाऊ मुलं आली की अश्वजित त्यांना टॉवरखाली उभं करायचा आणि बोट वर करून सांगायचा, “पाणी सोडायचं तर भरपूर सोडा. नाहीतर मुळीच सोडू नका. थोडं थोडं सोडाल तर कडेला पातळ धार लागेल, आणि गोठतं ते नेमकं तिथंच.” मुलं मान डोलवायची. त्यांच्यामागं ऊवं ओठ हलवून तेच वाक्य म्हणत उभा असायचा. त्याला ते पाठ झालं होतं.

ही झाली नोकरी. आता ख्रिसमस.

ख्रिसमसला कारखान्यात एक माणूस दीन्स्टवर लागतो, म्हणजे ड्यूटीवर. सगळ्या हंड्या कधीच बंद होत नसत, तेव्हा टॉवरवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. जर्मनीत एखाद्याला चोवीस डिसेंबरला कामावर ये म्हणणं म्हणजे आपल्याकडं नवरदेवाला हळदीच्या अंगानं लाइट बिल भरायला पाठवण्यासारखं आहे. पूर्वी यावरून चिठ्ठ्या टाकत, रुसवेफुगवे होत, एकदा तर दोन फोरमन वर्षभर बोलत नव्हते. मग एका डिसेंबरात रामटेके साहेबांनी स्वतःहून हात वर केला. ऊवंनं त्यांना मिठी मारली ती अशी, की बरगड्या नव्या वर्षापर्यंत दुखत होत्या. तेव्हापासून दर साली दीन्स्ट रामटेकेंचा. ‘त्यांना कुठं ख्रिसमस असतो,’ असं सगळे कौतुकानं म्हणत, आणि जाताना टेबलावर फळांचा तो जड केक, श्टोलन, ठेवून जात. अश्वजितच्या घरी श्टोलन इतके साठत, की मार्चपर्यंत त्याचा नाश्ता नाताळाचा असे.

हात वर का केला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्याचं असं झालं होतं. अश्वजित आणि कीर्ती दोघंही विद्यार्थी म्हणून आले, इथंच भेटले, इथंच लग्न केलं. मग कीर्तीला वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरची नोकरी लागली. आधी ती रोज जायची-यायची, मग आठवड्यातून दोनदा यायची, मग शनिवारी. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटवायला तरी काही हाताला लागलं असतं. दोघं सभ्यपणे, रीतसर, कागदावर सह्या करून वेगळे झाले, आणि मुलगी उर्जा शाळेसाठी आईकडं राहिली.

त्या पहिल्या डिसेंबरात उर्जा फोनवर म्हणाली होती, “पप्पा, मी ख्रिसमसला मम्माकडं राहिले तर तू कुणाबरोबर असशील?”

उर्जाला मराठी सगळं कळायचं. बोलायची ती जर्मनमध्येच. तिची मराठी म्हणजे कमलाबाईंच्या व्हिडिओ कॉलवरून उचललेली तीन-चार अस्सल नागपुरी वाक्यं, त्यातलं एक ‘जेवला का बे?’ हे ती बापालाही ऐकवायची आणि आपण काहीतरी फार अदबीचं बोललो अशा चेहऱ्यानं बघायची. पण तो प्रश्न तिनं जर्मनमध्ये, अगदी हळू विचारला होता, आणि मुलगी उत्तराला घाबरलेली आहे हे बापाला फोनवरूनही दिसलं होतं.

“मी?” अश्वजित म्हणाला. “अगं, मला दीन्स्ट आहे ना! टॉवर गोठला तर? तू जा खुशाल मम्माकडं.”

तिचा सुटकेचा श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला. दीन्स्ट अर्थातच नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यानं तो मागून घेतला.

एका मुलीचं ओझं उतरावं म्हणून सांगितलेली ती थाप. पण थापेला खाऊ-पिऊ घातलं की ती घरातलीच होऊन बसते. दर वर्षी उर्जा विचारायची, दर वर्षी तो दीन्स्ट सांगायचा. सोळाव्या वर्षी ती मैत्रिणीला हसत हसत सांगताना त्यानं ऐकलं, “माझ्या पप्पाचं खरं लग्न टॉवरशी झालंय. आम्ही आपले पाहुणे.” मैत्रीण हसली, अश्वजितही हसला. मग जाऊन बराच वेळ भांडी घासत बसला, त्यातली निम्मी घासलेलीच होती.

आता उर्जा हाम्बुर्गला शिकत होती आणि सुट्टीत वाल्डॉर्फला येत होती. डार्मश्टाटच्याच आरहाइल्गन भागातल्या अश्वजितच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिची एक खोली अजून होती. आत पलंग, जिराफाचं चित्र असलेला दिवा, आणि खिडकीखाली रेडिएटर, ज्याचं बटण बर्फाच्या खुणेवर लावलेलं. जर्मनीतल्या प्रत्येक रेडिएटरच्या बटणावर एक ते पाच आकडे असतात आणि त्याच्याही खाली बर्फाच्या फुलाची एक खूण. त्या खुणेवर खोली गरम होत नाही. फक्त आतलं पाणी गोठून पाइप फुटत नाही, इतपत धुगधुगी राहते. उर्जाच्या खोलीचं बटण वर्षानुवर्षं त्या खुणेवर होतं. हळूहळू बैठकीतलंही तिथंच आलं. घरी बसतंय कोण, असं तो स्वतःला सांगायचा, आणि बसायचा तेव्हा कोट घालून बसायचा.

यंदाच्या डिसेंबरात फ्राऊ क्योलर यांनी मीटिंगमध्ये बॉम्ब टाकला. फ्राऊ क्योलर या नव्या साहेब. वयानं अश्वजितपेक्षा बऱ्याच लहान, बोलण्यात इतक्या नीटनेटक्या की त्यांचं वाक्य संपल्यावर ते घडी करून कपाटात ठेवावंसं वाटे.

“यंदा ऑर्डरी कमी आहेत,” त्या म्हणाल्या. “तेवीस तारखेपासून सगळ्या हंड्या बंद. उष्णताच नाही, तेव्हा टॉवरही बंद. पाणी पूर्ण काढून टाकायचं, खालचा व्हॉल्व उघडा ठेवायचा. नमुन्यांची शीतखोली तेवढी चालू राहील, तिला गच्चीवरचा कोरडा, नुसत्या हवेवर चालणारा कूलर पुरेल. दीन्स्टची गरज नाही.” मग अश्वजितकडं वळून त्या मनापासून हसल्या. “हेर रामटेके, इतकी वर्षं तुम्ही आमचा ख्रिसमस सांभाळलात. यंदा तुम्ही घरी!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऊवंनं शिट्टी मारली. अश्वजित उभा राहून कसंनुसं हसला. एखाद्याचा वाडगा काढून घेऊन वर त्याचा सत्कार करावा, तसं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी कोट घालून तो बैठकीत बसला होता, तेवढ्यात उर्जाचा फोन आला.

“पप्पा,” ती जर्मनमध्ये म्हणाली, “यंदा दीन्स्ट आहे?”

आता हे पाहा. पोरगी विचारतेय. बाप मोकळा आहे. ‘नाही’ हे मराठीतलं काही फार अवघड क्रियापद नाही. पण ‘नाही’ म्हटल्यावर पुढचं वाक्य तिनं बोलायचं होतं. ती म्हणाली असती, ‘मग मी येते.’ किंवा म्हणाली असती, ‘अच्छा,’ आणि गप्प झाली असती. त्या ‘अच्छा’नंतर येणारी शांतता अश्वजितला आत्ताच, ती पडायच्या आधीच, ऐकू आली. इतकी वर्षं तो एकटा होता ते टॉवरमुळं, असं म्हणायची सोय होती. उद्या टॉवर नसता आणि तरीही तो एकटाच असता, तर मग कशामुळं?

“आहे ना!” तो म्हणाला. “यंदा तर थंडी काय पडलीय बघ. टॉवर एकटा कसा सोडू?”

“क्लार,” उर्जा म्हणाली. म्हणजे, उघडच आहे. तेवढा एकच शब्द, अगदी सपाट. मग तिनं हवापाण्याचं काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अश्वजित फ्राऊ क्योलर यांच्या दारात उभा. कोरड्या कूलरवर भरवसा ठेवता येत नाही. त्याचा पंखा मागं एकदा अडकला होता. शीतखोलीतले नमुने महत्त्वाचे. टॉवरचा एक कप्पा, फक्त एकच, चालू ठेवू. मी आहेच ना बघायला. तो इतकं आणि इतक्या वेगानं बोलला की फ्राऊ क्योलरनी पेन खाली ठेवलं.

“पण शीतखोलीची उष्णता म्हणजे टॉवरला काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “इतक्या कमी उष्णतेवर टॉवर चालवू नये, हे मला तुम्हीच शिकवलंत.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” अश्वजित म्हणाला. “पण मी पाण्याचा पंप हळू ठेवीन. पंखा बंद. मी लक्ष ठेवीन.”

त्यांनी पेन पुन्हा उचललं. “बरं. जबाबदारी तुमची.”

दारात ऊवं भेटला. त्यानं सगळं ऐकलं होतं. “रामटेके,” तो म्हणाला, “पाणी सोडायचं तर भरपूर सोडा, नाहीतर…?”

“तू आपली शिंक सांभाळ,” अश्वजित म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

चोवीस तारखेला कारखाना इतका गप्प होता, की गेटवरच्या कॉफीच्या मशीनला दूध संपल्याचा आवाज अंगणापर्यंत यायचा. हंड्या थंड. पार्किंगमध्ये त्याची एकटी गाडी. अश्वजितनं टॉवरच्या एका कप्प्यावरून पाण्याची बारीक धार सोडली. उष्णता एवढीशी, तेव्हा पाणीही एवढंसं. मग टॉवरभोवती फेरी मारली. कंट्रोल रूममध्ये जाऊन आकडे पाहिले. परत फेरी मारली. राखायला काही असलं की माणसाला चालायला दिशा मिळते.

दुपार व्हायच्या आधी नागपूरहून कमलाबाईंचा कॉल आला. त्या अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या, डोक्याला मफलर. नागपुरात सकाळी बारा डिग्री होतं म्हणून मोहल्ला गारठला होता.

“काऊन रे बाबू, आजही कामावर?”

“हाव आई. टॉवर राखून राहिलो.”

“एक सांग मले,” कमलाबाई म्हणाल्या. हा प्रश्न त्या दर हिवाळ्यात विचारत आणि दर हिवाळ्यात स्वतःच हसत. “हिवाळ्यात कूलर कोण चालवते रे? आपण तं जून संपला का पाणी ओतून, चादर टाकून ठेवून देत होतो. तुमचे लोक एवढे हुशार अन् बर्फात कूलर चालवते!”

दर हिवाळ्यात अश्वजित त्यांना समजावून सांगे, की आई, हंड्या तापलेल्या असतात, त्यांची उष्णता काढावी लागते, बाहेर बर्फ असलं तरी. आजही त्यानं तोंड उघडलं, “अगं, हंड्या तापलेल्या…” आणि थांबला. हंड्या तापलेल्या नव्हत्या.

“जेवला का?” कमलाबाई म्हणाल्या.

“श्टोलन खाल्ला.”

“ते काय जेवण होय? पोट्टी आली का उर्जा?”

“ती तिच्या मम्माकडं आहे.”

“तिले म्हणा, आजीनं विचारलं. अन् तू म्हणा तिले, ये म्हणून. म्हटल्याशिवाय कोणी येत नाही, बाबू.”

“नेटवर्क गेलं आई,” अश्वजित म्हणाला. नेटवर्क पाचही काड्या लावून उभं होतं.

अंधार पडल्यावर तो घरी गेला. कंट्रोल रूमचे आकडे फोनवर दिसत होते आणि सगळे ठीक होते. आकड्यांचं एक असतं, ते पाण्याच्या मधल्या धारेचं तापमान सांगतात. कडेला काय चाललंय ते त्यांना विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि तिथं विचारायला त्यानं कुणी बसवलेलं नव्हतं.

पंचवीसच्या सकाळी ऊन पडलं होतं. लखलखीत, बिनउबेचं ऊन. अश्वजित अंगणात वळला आणि जागीच थांबला.

टॉवर नटला होता. ज्या कप्प्यातून तो बारीक धार सोडून गेला होता, त्याच्या झडपांवरून बर्फाची झुंबरं लोंबत होती. मनगटाएवढी, मांडीएवढी, एकमेकांत गुंतलेली. झडपा बुजल्या होत्या. कडेची पोळी पांढरी झाली होती आणि एका बाजूला थोडी खाली झुकलीही होती. उन्हात सगळं असं चमकत होतं, की ज्याला काही कळत नाही त्यानं फोटो काढला असता. अश्वजितला सगळं कळत होतं. पाणी थोडं थोडं सोडलं होतं. पातळ धार कडेला गेली. गोठली ती नेमकी तिथंच. गेली कैक वर्षं बोट वर करून जे तो शिकवत आला होता, ते त्यानं स्वतःच्या हातानं, शांत डोक्यानं, परवानगी मागून करून दाखवलं होतं.

आणि यावर उपाय म्हणून टॉवरला शिंक काढावी, तर पंखा उलटा फिरवून बाहेर ढकलायला आत उबदार हवा तर हवी! आत ऊब कुठून येणार? हंड्या थंड. टॉवर आतून-बाहेरून एकाच तापमानाचा होता.

मग अश्वजित कामाला लागला. आधी शीतखोली गच्चीवरच्या कोरड्या कूलरवर टाकली. तो पंखा, जो मागं एकदा अडकला होता, तो पहिल्याच झटक्यात असा फिरायला लागला की जणू इतके दिवस वाटच बघत होता. मग टाकीतला हीटर पूर्ण चढवला आणि पाणी कोमट व्हायची वाट पाहिली, आणि पंप पुरा उघडून ते सगळं पाणी, धो धो, भरपूर, त्या कप्प्यावरून सोडलं. दुपार कलेपर्यंत बर्फ सुटत राहिलं. आधी थेंब, मग एकेक झुंबर निखळून फरशीवर पडून खळ्ळकन फुटायचं. अश्वजित लांब दांड्याच्या फावड्यानं ते बाजूला ओढत होता, आणि तेवढ्या कामानं त्याला अनेक दिवसांत पहिल्यांदा घाम आला.

मग उरला तो शेवटचा व्हॉल्व. पाणी काढून टाकायचा.

त्याच्यावर हात ठेवून तो उभा राहिला. कूलर कोरडा ठेवायचा नाही, हे इतकं खोल मुरलेलं होतं की बोटं वळेनात. पण जून संपला की त्याचे वडीलच कूलर तिरका करायचे, तळाचं बूच काढायचे, गढूळ पाणी अंगणात वाहून जायचं आणि कमलाबाई त्यावर जुनी चादर टाकताना पत्र्यावर एक थाप मारायच्या. म्हैस धारेला उभी राहिल्यावर मारतात तशी. त्या दिवशी घरात वाईट कुणालाच वाटायचं नाही. कूलर बंद झाला म्हणजे खिडकी उघडायला मिळायची.

अश्वजितनं व्हॉल्व उघडला. पाणी गटारात घुमत गेलं. बराच वेळ गेलं. आवाज बारीक झाला, अडखळला आणि थांबला. आता टॉवरला कुणाची गरज नव्हती. त्यानं पत्र्यावर एक थाप मारली आणि फ्राऊ क्योलरना फोन लावला. मागं मुलांचा गोंधळ ऐकू येत होता, काटे-चमचे वाजत होते.

“टॉवर गोठला होता,” तो म्हणाला. “चूक माझी. थोडी पोळी खराब झाली आहेत. आता पाणी काढलंय. शीतखोली ठीक आहे.”

पलीकडं एक दार लागलं आणि गोंधळ मागं पडला. “आणि तुम्ही? तुम्ही ठीक आहात?”

“मी… आल्झो, म्हणजे… हो.”

“मग घरी जा, हेर रामटेके,” त्या म्हणाल्या. “पोळ्यांचं जानेवारीत बघू. आत्ता घरी जा.”

तो गाडीत बसला. गाडी सुरू केली नाही. फोन हातात होताच. उर्जाचं नाव काढलं, बंद केलं, परत काढलं. काच त्याच्या श्वासानं धुरकट झाली तेव्हा एकदाचा लावला.

“पप्पा? काय झालं?” पप्पा ख्रिसमसला स्वतःहून फोन करतो, हेच तिला नवीन होतं.

“काही नाही. मी… टॉवर बंद केला.”

“बंद? मग दीन्स्ट?”

“दीन्स्ट नव्हताच,” अश्वजित म्हणाला. “यंदा नव्हता. मी मागून घेतला. पहिल्या वर्षीही नव्हता, उर्जा. तू मम्माकडं जाताना रडायला लागली असतीस म्हणून सांगितलं होतं. मग राहूनच गेलं.”

फोनवर काहीच ऐकू येईना. हीच ती शांतता, जिला तो इतका घाबरला होता. वाटली होती तेवढीच लांब होती. नंतर उर्जा जर्मनमध्ये, शब्द जुळवत म्हणाली, “म्हणजे मला वाटायचं की तुला तिकडंच आवडतं. आणि तुला वाटायचं…” तिनं वाक्य पुरं केलं नाही.

अश्वजितनं हातानं काच पुसली. आईचं कालचं बोलणं त्यानं मनात एकदा म्हणून पाहिलं. “उद्या येशील?” तो म्हणाला. “इकडं. घरी.”

“आज इथं मम्माचे पाहुणे आहेत, निघता येणार नाही,” ती म्हणाली. “उद्या सकाळच्या ट्रेननं येते. पण एकच रात्र हां, परवा मला परत जायचंय.” मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग अदबशीर आवाजात मराठी: “जेवला का बे?”

“नाही,” अश्वजित म्हणाला. “उद्या पाटोडी रस्सा करतो.” दुकानं सगळी बंद होती, पण बेसन, कांदे आणि तिखट याला दुकान लागत नाही, नागपूरकराच्या घरात एवढं असतंच.

“तुझ्याकडं गरम असतं ना? गेल्या मार्चमध्येही तुझ्या घरात थंडी वाजत होती.”

“करतो,” तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं उर्जाच्या खोलीचं दार उघडलं. आत टॉवरसारखाच गारवा होता. रेडिएटरजवळ उकिडवं बसून त्यानं बटण बर्फाच्या खुणेवरून तीनवर आणलं, मग विचार करून चारवर. पाइपात पाणी हलल्याचा आवाज आला. तळहात लावून तो बसून राहिला. खाली कोमट झालं. वर मात्र थंडगार. वाट पाहिली. वर थंडच.

मग त्याला आठवलं. इतकी वर्षं बंद असलेल्या रेडिएटरमध्ये हवा अडकते; ती काढून दिल्याशिवाय गरम पाणी वर चढत नाही. अख्ख्या कारखान्याच्या वाफेचा कारभार सांभाळणारा रामटेके साहेब घरभर खण उपसत ती इवलीशी किल्ली शोधत फिरला. ती मिळाली पाटोडीच्या सुरीखाली. परत येऊन, खाली एक वाटी धरून, त्यानं रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू अर्धा वळसा फिरवला.

रेडिएटरनं लांबलचक शिंक दिली. मग दोन थेंब काळं पाणी वाटीत पडलं. अश्वजितनं स्क्रू आवळला, वर हात ठेवला, आणि कोट न काढता तिथंच बसून राहिला, ऊब वरपर्यंत पोचते का ते बघत.